एलरगार्थचे एलरगार्थ

आयझॅक एलरगार्थला कुणी नाव विचारलं की तो ते दोनदा सांगायचा. पहिल्यांदा छातीवर हात ठेवून, आणि दुसऱ्यांदा तोच हात लांब करून ओढ्याच्या वरच्या अंगाचं घर, दगडी गडगे आणि मागचा डोंगर दाखवत. "मी एलरगार्थ, आणि हेही एलरगार्थ." एवढं बोलून तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. ऐकणाऱ्याने भारावून जावं अशी त्याची अपेक्षा असे. लोक बहुतेकदा "अस्सं का" म्हणून पुढे जात, पण आयझॅकला तेवढंही पुरत असे.

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात बाहेरून आलेल्याला उपरा म्हणत, आणि उपरा कोण ते ठरवण्याचं काम आयझॅकने आपणहून अंगावर घेतलं होतं. शहरातून येऊन घरं घेतलेले तर उपरे होतेच, पण डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जन्मलेलाही त्याच्या लेखी उपराच. पोस्टातल्या बाईचे केस याच गावात पांढरे झाले, तरी तिचा उल्लेख तो 'ती नवीन बाई' असाच करायचा. नवा पाद्री आला की म्हणायचा, "बघू, टिकतोय का." माणूस वाईट नव्हता. बर्फात कुणाची गाडी रुतली तर ट्रॅक्टर काढून जाणारा पहिला तोच. फक्त गाडी ओढून झाल्यावर "उपऱ्यांना कुठली अक्कल" हे ऐकवल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

आणि हाच आयझॅक आता एलरगार्थ विकायला निघाला होता.

दुसरा इलाज उरला नव्हता. गुडघे गेले होते. बायको एडिथ चर्चच्या आवारात जाऊन निजली होती. आणि ज्याच्यासाठी सगळं राखून ठेवलं तो मुलगा कॉलिन ऑस्ट्रेलियात घर बांधून तिथल्या उन्हाचं कौतुक करत होता. "बाबा, विकून मोकळे व्हा," तो फोनवर म्हणाला. "मी काय तिकडे चिखल तुडवायला परत येणार आहे?" दक्षिणेतली एक कंपनी घ्यायला तयार होती. तिला डोंगरावर झाडं लावायची होती, मेंढ्या नको होत्या. शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या.

आयझॅकचा जीव अडकला होता तो कळपात. वर डोंगरावर कुंपण नाही. तरी एलरगार्थच्या मेंढ्या एलरगार्थच्याच हद्दीत चरायच्या, कारण ती हद्द त्यांना ठाऊक होती. मेंढीने ठाव धरलाय, असं तिथले मेंढपाळ म्हणतात. ठाव धरलेला कळप उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तो जमिनीसोबत नव्या मालकाच्या हाती द्यायचा असतो. नव्या मालकाने नको म्हटलं, तर मग खाटीकच.

हा कळप पुढे चालवेल असं एकच माणूस होतं, आणि तिला आयझॅकने स्वतःच घालवलं होतं.

हेस्टर त्याची थोरली. हाताला हात दिसू नये अशा धुक्यातही कळप घेऊन सुखरूप खाली उतरायची. अडलेली मेंढी असली की आयझॅकसुद्धा तिलाच हाक मारायचा, तिचा हात बारीक होता आणि मन घट्ट होतं. धाकट्या कॉलिनला मेंढीची पुढची बाजू कुठली एवढं कळलं तरी घरात आनंद व्हायचा. पण हेस्टरने पलीकडच्या खोऱ्यातल्या ॲलन संटरशी लग्न ठरवलं आणि म्हणाली, "बाबा, आम्ही दोघं इथेच राहू. सगळं आम्हीच बघू." आयझॅक तेव्हा गोठ्यात, पेंढ्यात गुडघे रोवून एका मेंढीला दूध येतंय का बघत होता.

"एलरगार्थमध्ये संटर?" तो उठून उभा राहिला. "पोरी, या जागेचं नाव आणि या घराण्याचं नाव एक आहे. सगळ्या खोऱ्यात दुसरं असं घर दाखव मला. ते मोडायला मला वेड लागलंय का?"

"नाव काय करणार आहे, बाबा? उद्या कोकरू आडवं आलं तर नाव हात घालणार आहे?"

"कॉलिन आहे."

"कॉलिन!" हेस्टर हसली. तिने हसायला नको होतं.

"उपऱ्याच्या हातात ही जमीन जाणार नाही," आयझॅक म्हणाला. "तू संटर झालीस की तूही उपरी. विषय संपला."

एडिथ चहाचे मग घेऊन दारात उभी होती. "आयझॅक, पोर जाईल रे," एवढंच ती म्हणाली. पोर गेली. तिने आणि ॲलनने पलीकडच्या खोऱ्यात एक उजाड डोंगर भाड्याने घेतला, ज्यावर कुणाचाच कळप उरला नव्हता. एडिथच्या अंत्यविधीला हेस्टर आली, मागच्या बाकावर बसली, आणि चहाला न थांबता गेली. आयझॅकने तिला थांब म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन सांत्वन करू लागलं. त्या सांत्वन करणाऱ्यावर आयझॅक पुढे कितीतरी वर्षं चिडून होता. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं.

सह्या व्हायच्या त्याच आठवड्यात गावाच्या सभागृहात एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय, या खोऱ्यातल्या गावांची नावं आणि आडनावं. बोलणाऱ्या बाई होत्या डॉक्टर मेरियन ओल्डरॉइड, ठेंगण्या, गोड आवाजाच्या, सर्दी झालेल्या. आयझॅकने अंत्यविधीचा टाय बांधला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. जमीन तर चाललीच होती. निदान नावाचा मान चारचौघांत व्हावा, एवढी त्याची इच्छा होती.

सुरुवात त्याच्या मनासारखी झाली. बाई म्हणाल्या, "एलर म्हणजे ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत वाढणारं झाड. कापलं की लाकूड लाल पडतं. तुमच्या आज्यांच्या लाकडी बुटांचे तळवे याच झाडाचे. आणि गार्थ म्हणजे वाडगं, कुंपण घातलेली जागा. एलरच्या झाडांतलं वाडगं, ते एलरगार्थ. हे शब्द हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी इथे आणले."

"म्हणजे उपऱ्यांनी," मागून क्लिफर्ड पीकॉक पुटपुटला. क्लिफर्ड आयझॅकच्या वयाचा, खालच्या शेतातला, शाळेत एका बाकावर बसलेला. आयझॅकने मान न वळवता त्याला गप्प बसायची खूण केली आणि स्वतः उभा राहिला.

"बाई, आता आडनावाचं सांगा. मी आयझॅक एलरगार्थ, एलरगार्थचाच. आमचं घराणं इथं किती जुनं आहे, ते या मंडळींना एकदा कळू द्या."

बाईंनी नाक पुसलं आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मिस्टर एलरगार्थ, मी सांगेन ते तुम्हाला आवडेलच असं नाही."

"सांगा हो. मी काय कुणाला भितो?"

"मग असं बघा. आडनावं पडत होती तेव्हा एलरगार्थ हे अख्खं गाव होतं, आणि तिथले सगळेच एलरगार्थचे होते. मग त्यातल्या एकालाच एलरगार्थ म्हणून काय उपयोग? गावात म्हणायचे लोहार, नाहीतर लांब्या, नाहीतर विल्यमचा पोरगा. पण त्यातला एखादा उठून दुसऱ्या गावी राहायला गेला, की तिथले विचारणार, हा कोण? तर हा एलरगार्थचा. तिथे ते नाव त्याला चिकटलं." पुढचं त्यांनी अगदी हळू सांगितलं. "गावाचं नाव गाव सोडणाऱ्याला मिळतं. राहिलेल्याला मिळत नाही."

आयझॅक उभाच होता. "मग आम्ही इथे आहोत ते?"

"तुमचा कुणी पूर्वज खूप पूर्वी इथून गेला असणार. आणि त्याच्या वंशातलं कुणीतरी, पुढे केव्हातरी, ते नाव घेऊन इकडे आलं असणार. योगायोगाने म्हणा, नाहीतर लग्नाने."

"आलं म्हणजे... बाहेरून?"

"बाहेरून."

मग क्लिफर्ड म्हणाला, "अरे देवा, म्हणजे हाच उपरा!" आणि सगळं सभागृह हसत सुटलं. पोस्टातल्या नवीन बाईंना तर डोळे पुसावे लागले. हसण्यात कडवटपणा नव्हता, पण इतकी वर्षं साठलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. आयझॅक खाली बसला.

चहाच्या वेळी क्लिफर्ड कप घेऊन त्याच्याजवळ आला. "मनाला लावून घेऊ नको रे. आणि यात नवीन ते काय? तुझी आजीच सांगायची ना. पहिला एलरगार्थ कुठूनसा मेंढा विकायला आला, घरच्या पोरीला आवडला आणि मेंढ्यासकट इथंच राहिला म्हणून."

"ती गंमत करायची."

"गंमतच होती. पण खोटी कुठं होती?" क्लिफर्ड म्हणाला. "त्या आधी तुझं घर आमच्या पीकॉकांचं होतं म्हणे. माझा बाप कधीमधी कुरकुरायचा त्यावरून. आता मी काय मागायला येत नाही, घाबरू नको."

आयझॅकला आजीचा आवाज आठवला. शेगडीपाशी बसून ती ही गोष्ट सांगायची आणि 'मेंढ्यासकट' या शब्दाला सगळे हसायचे. तोही हसायचा. इतक्या वेळा हसला, पण त्या गोष्टीतली पोर म्हणजे या घराची लेक होती, आणि जमीन तिच्याकडून आली, हे एकदाही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत टेकत डोंगराच्या पायथ्याच्या गडग्यापर्यंत गेला. फ्लाय कुत्री पुढे धावत होती. एरवी या दिवसांत मेंढा कळपात सोडायची तयारी असायची, छातीला रंग फासून, म्हणजे कुठल्या मेंढीला तो लागला ते तिच्या पाठीवरून कळावं. या वर्षी मेंढा मागवलाच नव्हता. वरच्या खडकाच्या आडोशाला एक म्हातारी मेंढी बसली होती, तिच्या शेजारी तिची लेक, आणि लेकीची लेक. याच खडकाच्या आडोशाला त्या म्हातारीची आई बसायची, आणि तिच्या आईला आयझॅकचा बाप ओळखत होता.

आयझॅक गडग्याला टेकून उभा राहिला. त्याला जे जन्मभर ठाऊक होतं तेच तो आता बघत होता. नर कोकरं शरद ऋतूत बाजारात जातात. मेंढा दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून आणावा लागतो, नाहीतर रक्त बिघडतं. वारा कुठल्या बाजूने मारतो, बर्फ पडला की कुठे दडायचं, आपली हद्द कुठे संपते, हे आई लेकीला शिकवते आणि लेक तिच्या लेकीला. डोंगर माद्यांनी राखला होता. हे तो बाहेरून आलेल्या प्रत्येक शिकाऊ मेंढपाळाला सांगायचा, तेही वर तोंड करून. आणि घरात मात्र त्याने लेकीला काढून मेंढा ठेवला होता. तोही पळून गेला.

"मूर्ख आहेस तू, आयझॅक," तो मोठ्याने म्हणाला. फ्लायने आपल्यालाच हाक मारली असं समजून मागे वळून पाहिलं.

त्याने गाडी काढली. खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात उतरायला फार वेळ लागत नाही. एवढा जवळचा रस्ता त्याने इतकी वर्षं लांब करून ठेवला होता. वाटेत तो बोलायचं ते पाठ करत होता. तू हो म्हण, शुक्रवारी मी सहीला जातच नाही. दारावर संटरची पाटी लाव, नाहीतर कसलीही लाव. हे शेवटचं वाक्य त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तेव्हा कुठे घशातून नीट बाहेर आलं.

खाली पोचल्यावर रस्त्याला फाटे फुटले. एक माणूस पडलेला गडगा रचत होता. आयझॅकने काच खाली केली. "संटरांचं शेत कुठलं हो?"

"कुठले संटर?" तो हसला. "इथं दगड उचलला की खाली संटर निघतो. मी पण संटरच."

"ॲलन. ॲलन आणि हेस्टर संटर."

माणसाने दगड हातात तोलत विचार केला. "हेस्टर... अहो, एलरगार्थ म्हणा ना! सरळ जा, पांढरं फाटक. एलरगार्थ आत्ताच वरून खाली आली, घरीच असेल."

आयझॅकला वाटलं हा आपली चेष्टा करतोय. सभागृहातली गोष्ट इथवर पोचली की काय? पण माणूस पुन्हा गडग्याकडे वळला होता.

हेस्टर फाटकातच भेटली. केस पिकले होते आणि चालताना ती एडिथसारखी डाव्या बाजूला झुकत होती. तिने गाडी ओळखली नाही, माणूस ओळखला.

"बाबा? काय झालं? कॉलिन बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय," आयझॅक म्हणाला. "आत येऊ का?"

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ओतला, फ्रूटकेकची जाड फोड कापून तिच्यावर तिकडच्या रीतीप्रमाणे चीजचा तुकडा ठेवला. एडिथ ठेवायची तसाच, थोडा कडेला. आयझॅकने त्याला हात लावला नाही. पाठ केलेलं सगळं विसरून तो एकदम म्हणाला, "हेस्टर, माझं चुकलं. फार चुकलं गं. तू घरी चल. सगळं तुझं. ॲलनचंही. शुक्रवारची सही मी करत नाही. तू फक्त हो म्हण."

हेस्टर खुर्चीत बसली. ती टेबलावर सांडलेले केकचे कण बोटाने गोळा करू लागली.

"आम्ही इथं आलो तेव्हा हा डोंगर मोकळा होता," ती म्हणाली. "मेंढ्या विकत आणल्या, त्यांना कशाचा ठाव नाही. रोज पळायच्या. पाऊस असो, बर्फ असो, मी आणि ॲलन हद्दीवर उभे. हाकलून परत आणायच्या, पुन्हा पळायच्या. पोटात पोर असताना मी उभी राहिलेय, बाबा. कितीतरी वर्षं गेली, तेव्हा कुठं त्यांच्या लेकी आपणहून राहायला लागल्या. आता आम्ही वर गेलो नाही तरी चालतं."

"मला ठाऊक आहे काय लागतं ते."

"तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला आयता मिळाला कळप." ती रागाने बोलली नाही. "हे सोडून मी कशी येऊ? यांना कुणाच्या हाती देऊ?"

"मग माझ्या मेंढ्या इकडे घे. थोड्या तरी. ती खडकावरची म्हातारी आहे, तिच्या आजीला तू बाटलीने दूध पाजलंयस."

"आणल्या तर त्या खिंड चढून परत जायला बघतील. मरेपर्यंत बघतील. हे तुम्हीच मला शिकवलंत." हेस्टरने खिंडीच्या बाजूला मान वळवली. "मीही तेच करायचे. पहिली काही वर्षं कामाचं निमित्त काढून खिंडीत जायचे. तिथून आपल्या घराचा धूर दिसतो. वाटायचं, बाबा एकदा तरी वर येतील. आले असतात तर मी अंगावरच्या कपड्यांनिशी आले असते."

आयझॅकने टेबलाची कड घट्ट धरली. आपण त्या वेळी खालीच, त्या धुराखाली, कॉलिनने एखादं कोकरू तरी धड पकडावं म्हणून ओरडत बसलो होतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

"इथे तुला एलरगार्थ म्हणतात," तो शेवटी म्हणाला. "त्या गडगेवाल्याने सांगितलं."

"हो. संटर बायका किती आहेत इथं, आणि त्यात दोघी हेस्टर. कुठली हेस्टर? तर एलरगार्थची. मग नुसतंच एलरगार्थ झालं. पोरांनाही तेच चिकटलंय. 'एलरगार्थचा थोरला', 'एलरगार्थची धाकटी'." ती जराशी हसली. "आधी राग यायचा मला. घरातून काढलं, आणि नाव काही पाठ सोडत नाही. आता सवय झाली."

आयझॅकला ओल्डरॉइडबाईंनी हळू आवाजात सांगितलेलं ते वाक्य आठवलं, गावाचं नाव गाव सोडणाऱ्याला मिळतं. तो हेस्टरला ते सांगणार होता, पण सांगता आलं नाही. ज्या नावासाठी त्याने तिला दाराबाहेर काढलं, ते तिच्या मागोमाग तेव्हाच बाहेर पडलं होतं. घरात राहिला होता एक म्हातारा, आणि शुक्रवारी तोही निघणार होता.

हेस्टरने केकची फोड कागदात बांधून दिली. "अधूनमधून येत जा," ती म्हणाली. "सही झाली की जेवायलाच या. ॲलन काही बोलणार नाही." फाटकाशी तिने त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली, आणि आयझॅकने तिला लावू दिली.

फाट्यावर तो गडगेवाला अजून होता. त्याने हात करून गाडी थांबवली. "भेटली का एलरगार्थ?"

"भेटली."

"तुम्ही तिचे कोण?"

"बाप."

"अरे वा!" माणसाने हातांची माती झटकली आणि काचेशी वाकला. "म्हणजे तुम्हीही एलरगार्थचेच?"

आयझॅकचा हात सवयीने छातीकडे गेला आणि तिथेच राहिला. इथून बोट दाखवायला काही दिसत नव्हतं, मध्ये डोंगर होता.

"हो," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत."